विश्लेषण : ‘मुसाफिर’ तिथे ‘मिसाफिर’ का होतो? तुर्कियेला जाण्याआधी काय जाणून घ्यावे?

वर्षाला ५ कोटींहून अधिक परदेशी पाहुणे येणाऱ्या तुर्कियेची ओळख अनेकांसाठी इस्तंबूलच्या मशिदी, कॅपाडोकियाचे फुगे आणि रंगीत दिव्यांची दुकाने एवढीच असते. पण तिथल्या घरात, चहाच्या टपरीवर आणि बाजारात वावरण्याचे काही अलिखित नियम आहेत. ते ठाऊक नसले की पर्यटक दोन प्रकारे फसतो. कधी खरे आदरातिथ्य संशयाने नाकारतो, तर कधी नुसत्या गोड बोलण्यावर विश्वास ठेवून खिसा रिकामा करून बसतो. हे नियम कोणते आणि ते आले कुठून, याविषयी...

तुर्की, तुर्कस्तान की तुर्किये?

मराठीत ही तिन्ही नावे चालतात. संयुक्त राष्ट्रांनी जून २०२२ मध्ये देशाच्या विनंतीवरून ‘तुर्किये’ हे अधिकृत नाव स्वीकारले. तिथले लोक आपल्या देशाला पूर्वीपासून तेच म्हणतात.

नावाइतकाच गोंधळ देशाच्या स्वभावाविषयीही असतो. बहुसंख्य लोकसंख्या मुस्लीम असल्याने अरब देशांसारखे वातावरण असेल, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तुर्क हे अरब नाहीत आणि त्यांची भाषाही अरबी नाही. ऑटोमन साम्राज्याच्या अस्तानंतर २९ ऑक्टोबर १९२३ रोजी मुस्तफा कमाल यांच्या नेतृत्वाखाली प्रजासत्ताकाची घोषणा झाली. राजधानी इस्तंबूल नाही, तर अंकारा. पुढच्या दशकभरात दैनंदिन जगण्याची जवळपास प्रत्येक गोष्ट बदलली. १९२८ मध्ये अरबी लिपी जाऊन २९ अक्षरांची लॅटिन लिपी आली. १९३४ मध्ये प्रत्येकाला आडनाव घेणे बंधनकारक झाले आणि मुस्तफा कमाल यांना ‘अतातुर्क’, म्हणजे तुर्कांचा पिता, हे आडनाव मिळाले. १९३५ मध्ये आठवड्याची सुट्टी शुक्रवारऐवजी रविवारी आली.

याचा परिणाम आजही दिसतो. इस्तंबूलच्या जुन्या कबरींवरील आणि पाणपोयांवरील मजकूर शेजारून रोज जाणाऱ्या बहुतेकांना वाचता येत नाही, कारण तो त्यांच्या पणजोबांच्या लिपीत आहे. मोडी लिपीतील घरची जुनी कागदपत्रे समोर ठेवून जाणकाराची वाट पाहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा अनुभव सहज समजेल.

अतातुर्क हा विषय पाहुण्यांनी जपूनच हाताळावा. त्यांच्या स्मृतीचा अवमान हा १९५१ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. १० नोव्हेंबर १९३८ रोजी सकाळी ९ वाजून ५ मिनिटांनी त्यांचे निधन झाले. दरवर्षी त्या मिनिटाला भोंगे वाजतात, रस्त्यावरील वाहने थांबतात, चालक उतरून उभे राहतात. त्या दिवशी तिथे असलेल्या परदेशी व्यक्तीनेही चालणे थांबवावे, अशी अपेक्षा असते.

‘मुसाफिर’चा अर्थ कसा बदलला?

मराठी माणसाला तुर्की भाषा पूर्णपणे परकी वाटत नाही. फारसी आणि अरबीतून दोन्हीकडे गेलेले शब्द बरेच आहेत. हवा म्हणजे ‘हावा’, दुनिया म्हणजे ‘दुन्या’, साबण म्हणजे ‘साबुन’, जबाब म्हणजे ‘जेवाप’, नजर म्हणजे ‘नाझार’. दुकानांच्या दारावर टांगलेला निळा काचेचा डोळा ‘नाझार बोंजुउ’ नावाने ओळखला जातो. तो दृष्ट लागू नये म्हणून असतो. आपल्याकडच्या लिंबू-मिरचीचे काम तो करतो, असे म्हणायला हरकत नाही. ‘तोफची’, ‘मशालची’ यांतील ‘ची’ हा प्रत्यय तर मूळ तुर्कीच. चहा आणून देणाऱ्याला तिथे ‘चायजी’ म्हणतात, तोही याच प्रत्ययामुळे.

या सगळ्यात एक शब्द महत्त्वाचा. आपल्याकडे ‘मुसाफिर’ म्हणजे प्रवासी. हाच अरबी शब्द तुर्कीत ‘मिसाफिर’ झाला आणि त्याचा अर्थ झाला पाहुणा. अचानक दाराशी आलेल्या अनोळखी माणसाला ‘तान्री मिसाफिरी’, म्हणजे देवाने पाठवलेला पाहुणा, म्हणतात. ‘अतिथी देवो भव’ ऐकत वाढलेल्यांना ही कल्पना नवी नाही. मात्र तिथे पाहुणा असणे हा फक्त मान नसतो. पाहुण्याकडूनही काही वागणूक अपेक्षित असते.

घरी बोलावले तर काय करावे?

सर्वात आधी चपला-बूट दाराशी काढावेत. बहुतेक घरांत पाहुण्यांसाठी घरात घालायच्या सपाता वेगळ्या ठेवलेल्या असतात. त्या पुढे केल्या की घालाव्यात. अनवाणी किंवा नुसत्या मोज्यांवर फिरणारा पाहुणा दिसला की घरातील आजी सर्दीच्या काळजीने अस्वस्थ होते.

बसल्यावर अनेक घरांत हातावर ‘कोलोन्या’ ओतली जाते. हे लिंबाच्या वासाचे, भरपूर अल्कोहोल असलेले सुगंधी पाणी. दोन्ही हातांची ओंजळ करून ते घ्यायचे आणि हातांवर चोळायचे. लांब पल्ल्याच्या बसगाड्यांमध्येही ही पद्धत वर्षानुवर्षे होती. करोनाकाळात जगभर हात स्वच्छ करण्याच्या द्रवाची शोधाशोध सुरू असताना तुर्कियेतील घराघरांत ही बाटली आधीच होती.

रिकाम्या हाताने जाऊ नये. मिठाईचा डबा किंवा फुले पुरेशी. यजमान मद्य घेतात की नाही हे ठाऊक नसेल, तर मद्य नेऊ नये. वडीलधाऱ्यांच्या हाताचे चुंबन घेऊन तो कपाळाला लावण्याची रीत विशेषतः सणांच्या दिवशी दिसते. आपल्याकडच्या वाकून नमस्काराचेच हे रूप आहे. ईदच्या दिवशी मुले असा हात कपाळाला लावतात आणि बदल्यात त्यांना गोड खाऊ किंवा पैसे मिळतात. परदेशी पाहुण्याने हे केलेच पाहिजे असे नाही, पण केले तर कौतुक होते.

जेवणात आग्रह होणार, हे गृहीत धरावे. पहिला नकार हा नकार मानला जात नाही. ताट चाटूनपुसून रिकामे केले की ते पुन्हा भरले जाते. हॉटेलात ज्याने आमंत्रण दिले, तोच बिल देतो. बिल वाटून घेण्याला तिथे ‘अल्मान उसुलू’, म्हणजे जर्मन पद्धत, असे नाव आहे. ही आपली रीत नव्हे, एवढे त्या नावातूनच कळते. पाहुण्याने परतफेड करायची तर दुसऱ्या दिवशी आपण चहा किंवा जेवणासाठी बोलवावे.

चहा इतका महत्त्वाचा कसा झाला?

कंबरेत बारीक असलेल्या छोट्या काचेच्या पेल्यातील लालसर चहा ही तुर्कियेची प्राचीन परंपरा असावी, असे वाटते. प्रत्यक्षात ती १०० वर्षांचीही जेमतेम आहे. ऑटोमन काळातील पेय होते कॉफी. पहिल्या महायुद्धानंतर येमेनसारखे प्रदेश हातचे गेले आणि कॉफी बाहेरून विकत घ्यावी लागणारी महागडी वस्तू झाली. नव्या प्रजासत्ताकाने देशातच पिकेल असे पेय शोधले. काळ्या समुद्राकाठच्या पावसाळी रिझे भागात लागवडीसाठी १९२४ मध्ये कायदा झाला. शेजारच्या जॉर्जियातील बातुमीहून बियाणे आले. १९४७ मध्ये रिझे येथे पहिला चहा कारखाना सुरू झाला. आज दरडोई चहा पिण्यात तुर्किये जगात अव्वल मानला जातो. २०२२ मध्ये युनेस्कोने तुर्किये आणि अझरबैजानच्या चहा संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

चहा बनतो ‘चायदान्लिक’मध्ये. आपल्या चहादाणीशी नाते सांगणारे हे नाव. पण ही दोन मजली असते. खालच्या भांड्यात पाणी उकळते आणि वरच्या भांड्यात कोरा दाट चहा त्या वाफेवर मुरतो. पेल्यात आधी दाट चहा, मग हवे तेवढे गरम पाणी. कडक हवा असेल तर ‘देमली’ म्हणावे, फिका हवा असेल तर ‘आचिक’. दूध घालत नाहीत. उत्तम उतरलेल्या चहाच्या रंगाला ‘सशाचे रक्त’ म्हणतात. ऐकायला विचित्र वाटले, तरी ती दाद आहे.

पेला रिकामा झाला की न विचारता दुसरा येतो. पुरे झाले असेल, तर चमचा पेल्यावर आडवा ठेवावा. यजमानाला संदेश पोहोचतो आणि तोंडाने नकार देण्याची वेळ येत नाही.

मग कॉफीचे काय?

कॉफी मागे पडली, पण तिचा मान राहिला. चहा दिवसभर चालतो, तर कॉफी निमित्ताने होते. इस्तंबूलमध्ये कॉफीची दुकाने सोळाव्या शतकाच्या मध्यात सुरू झाली. अगदी बारीक दळलेली पूड, पाणी आणि हवी असल्यास साखर हे सारे लांब दांड्याच्या भांड्यात एकत्र उकळतात. साखर नंतर घालता येत नाही, त्यामुळे ती किती हवी हे आधीच सांगावे लागते. सोबत पाण्याचा पेला येतो. तळाचा गाळ प्यायचा नसतो. कप उपडा करून त्या गाळाच्या आकृत्यांवरून भविष्य सांगण्याचा खेळ मात्र आवडीने चालतो. २०१३ मध्ये तुर्की कॉफीची परंपराही युनेस्कोच्या यादीत आली.

सकाळच्या न्याहारीला ‘काहवाल्ती’ म्हणतात. त्याचा अर्थ कॉफीच्या आधीचे खाणे. तपकिरी रंगाला ‘काहवेरेंगी’, म्हणजे कॉफीचा रंग. लग्न ठरवायला मुलाकडचे येतात, तेव्हा मुलगी कॉफी करते आणि मुलाच्या कपात साखरेऐवजी मीठ घालते. तो तोंड वाकडे न करता पितो का, हे सगळे हसत हसत पाहतात. आपल्याकडच्या कांदेपोह्यांची ही थोडी खारट आवृत्ती. एका कप कॉफीची ‘हातिर’ ४० वर्षे राहते, अशी तिथली म्हण आहे. हा ‘हातिर’ म्हणजे आपल्या ‘खातिरदारी’तील ‘खातिर’. पाहुणचार घेणाऱ्याने तो विसरायचा नसतो, असा या म्हणीचा रोख.

कोणाला काय म्हणावे?

मावशीला ‘तेय्झे’, आत्याला ‘हाला’, काकाला ‘आम्जा’, मामाला ‘दायी’, वहिनीला ‘येंगे’. इंग्रजीत जिथे ‘अंकल’ आणि ‘आंटी’वर भागते, तिथे तुर्कीत मराठीसारखेच वेगवेगळे शब्द आहेत. आणि मराठीप्रमाणेच ते नात्याबाहेरही वापरले जातात. रिक्षावाल्याला दादा आणि भाजीवालीला मावशी म्हणावे, तसे बसचालकाला ‘आबी’, म्हणजे दादा, दुकानातील बाईंना ‘आब्ला’, म्हणजे ताई, आणि वयस्कर स्त्रीला ‘तेय्झे’. औपचारिक ठिकाणी पहिल्या नावापुढे पुरुषासाठी ‘बेय’ आणि स्त्रीसाठी ‘हानिम’ लावावे.

काही वाक्ये पाठ केली तर बरीच दारे उघडतात. ‘होश गेल्दिनिझ’, म्हणजे सुस्वागतम, असे कोणी म्हटले की उत्तर ठरलेले आहे : ‘होश बुल्दुक’. काम करत असलेल्या माणसाजवळून जाताना ‘कोलाय गेलसिन’, म्हणजे काम सोपे जावो. स्वयंपाक करणाऱ्याला ‘एलिनिझे साअलिक’, म्हणजे तुमच्या हातांना आरोग्य लाभो. आजारी किंवा संकटातून गेलेल्याला ‘गेचमिश ओलसुन’, म्हणजे सरून जावो. निघणाऱ्या गाडीमागे घरचे लोक भांडेभर पाणी ओततात. प्रवास पाण्यासारखा सहज व्हावा आणि माणूस तसाच परत यावा, ही त्यामागची भावना.

खुणांचेही भान हवे. भुवया उंचावून मान किंचित मागे नेणे आणि जिभेने ‘च्’ असा आवाज करणे म्हणजे स्पष्ट ‘नाही’. हा उद्धटपणा नसतो. आपली मान डोलावण्याची भारतीय सवय मात्र समोरच्याला बुचकळ्यात टाकते. होकार तोंडानेच द्यावा.

शाकाहारींनी काय खावे?

कबाबांच्या देशात उपाशी राहावे लागेल ही भीती अनाठायी आहे. पण प्रश्न नेमका विचारावा लागतो. ‘एत’ म्हणजे मांस, आणि ‘एतसिझ’ म्हणजे बिनमांसाचे. मात्र बोलीभाषेत ‘एत’ म्हणताना अनेकांच्या डोळ्यांसमोर फक्त लाल मांस असते. त्यामुळे ‘तावुक’, म्हणजे कोंबडी, हीही नको असे वेगळे सांगावे. मसुराचे ‘मेर्जिमेक चोर्बासी’ हे सूप सर्वत्र मिळते, पण काही ठिकाणी ते मांसाच्या पाण्यात शिजवतात. ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढल्या जाणाऱ्या भाज्यांचा एक स्वतंत्र वर्गच आहे. त्यातील ‘इमाम बायिल्दी’, म्हणजे कांदा, लसूण, टोमॅटो भरलेले वांगे, भरल्या वांग्यांवर वाढलेल्यांना आवडेल. तिखटाची अपेक्षा मात्र ठेवू नये. ‘चि क्योफ्ते’ या नावाचा अर्थ कच्च्या मांसाचा गोळा असा असला, तरी दुकानांत मिळतो तो दलियाचा आणि बिनमांसाचा असतो. तीळ लावलेले गोल ‘सिमित’, चीज किंवा पालक भरलेली ‘ग्योझलेमे’ आणि खारट ताकासारखे ‘आयरान’ यांवर दिवस सहज निघतो.

प्रार्थनास्थळांत काय पाळावे?

मशिदीत बूट काढणे, खांदे आणि गुडघे झाकणे, स्त्रियांनी डोक्यावर रुमाल घेणे आवश्यक आहे. नमाजाच्या वेळी, विशेषतः शुक्रवारी दुपारी, पर्यटकांना थांबावे लागते. इ. स. ५३७ मध्ये चर्च म्हणून उभी राहिलेली आयासोफिया १४५३ मध्ये मशीद, १९३५ मध्ये संग्रहालय आणि जुलै २०२० मध्ये पुन्हा मशीद झाली. जानेवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकांना तिकीट काढून वरच्या मजल्यावरील सज्जांमध्ये प्रवेश मिळतो. तळमजला नमाजासाठी राखीव आहे.

कोन्याचे गिरक्या घेणारे दरवेशी पाहतानाही हा फरक लक्षात ठेवावा. ‘सेमा’ हा नाच नव्हे, तर मौलाना रूमी यांच्या परंपरेतील उपासना आहे. १९२५ मध्ये दरवेशींचे मठ कायद्याने बंद झाले. आज जे दिसते ते बरेचसे सांस्कृतिक कार्यक्रमाच्या रूपात. तरीही मध्येच टाळ्या वाजवणे किंवा फ्लॅश मारणे अप्रशस्त मानतात.

पाहुणा कुठे संपतो आणि गिऱ्हाईक कुठे सुरू होते?

खरा पेच इथे आहे. कोट्यवधी पर्यटक आले की पाहुणचाराची भाषा व्यापाराचीही भाषा होते. इस्तंबूलच्या ‘कापाली चार्शी’ या सुमारे ४,००० दुकानांच्या बाजारात गालिचा दाखवण्याआधी चहा येतो. हा चहा खोटा नसतो आणि तो प्यायल्याने खरेदीचे बंधनही येत नाही. घासाघीस इथे चालते, पण हॉटेल आणि सुपरमार्केटमध्ये नाही. मात्र आपण सांगितलेली किंमत दुकानदाराने मान्य केली, तर माघार घेणे असभ्य मानले जाते. म्हणून घ्यायचे नसेल तर आकडा बोलूच नये. हा बाजार रविवारी बंद असतो.

सावध राहायचे ते वेगळ्याच ठिकाणी. पर्यटकांच्या गर्दीच्या भागात एकट्या पुरुषाशी अनोळखी माणूस गप्पा सुरू करतो, ‘चल, एक पेय घेऊ’ म्हणून ठरावीक बारमध्ये नेतो आणि शेवटी अवाच्या सवा बिल समोर येते, हा जुना प्रकार आहे. दुसरा प्रकार बूट पॉलिशवाल्याचा. चालता चालता त्याच्या हातून ब्रश पडतो. उचलून दिल्यावर तो कृतज्ञतेने बूट चमकवतो आणि मग पैसे मागतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. खरा यजमान तुम्हाला आहे तिथेच काहीतरी देतो, फसवणारा दुसरीकडे घेऊन जातो. चहा जागेवर आला तर बसावे. ‘माझ्या ओळखीच्या ठिकाणी चल’ असे ऐकू आले, तर हसून निघावे.

पाहुणचाराचे निखळ रूप पाहायचे तर एखाद्या पावाच्या दुकानात जावे. तिथे काही गिऱ्हाईक दोन पावांचे पैसे देऊन एकच नेतात. दुसरा ‘आस्किदा एक्मेक’, म्हणजे खुंटीवरचा पाव. ज्याला परवडत नाही तो येऊन मागतो आणि घेऊन जातो. देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत नाहीत. अलीकडच्या वर्षांतील कडाक्याच्या महागाईत या जुन्या पद्धतीची गरज अनेकांना नव्याने जाणवली.

भारतीयांचे स्वागत होते का?

६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात तुर्कियेत ५० हजारांहून अधिक बळी गेले. भारताने बचाव पथके पाठवली, इस्केंदेरुन येथे लष्कराचे रुग्णालय उभारले. मोहिमेचे नाव होते ‘ऑपरेशन दोस्त’. ‘दोस्त’ हा शब्द तुर्कीतही तोच असल्याने त्याचा अनुवाद करावा लागला नाही. पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, ३ लाखांहून अधिक भारतीय तिथे गेले.

मे २०२५ मध्ये चित्र पालटले. भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कियेने पाकिस्तानची बाजू घेतली. त्यानंतर भारतीय पर्यटन कंपन्यांनी नोंदण्या थांबवल्या, अनेकांनी सहली रद्द केल्या, तर पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदांवर बहिष्कार टाकला. जायचे की नाही, हा निर्णय त्यामुळे आता फक्त सहलीच्या खर्चाचा राहिलेला नाही. तो प्रत्येकाने आपापला घ्यायचा आहे. जे जातील, त्यांनी व्हिसाचे नियम आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना आधी पाहाव्यात. आणि तिथल्या माणसाशी पहिल्याच चहाला सरकारांच्या भूमिकांवरून वाद घालू नये. कुर्दी प्रश्न, आर्मेनियन इतिहास आणि सायप्रस हे विषयही तितकेच नाजूक आहेत.

सरकारांचे संबंध बिघडतात आणि सुधारतातही. दाराशी आलेल्याला सपाता पुढे करण्याची घरची रीत त्यावर अवलंबून नसते. परक्या देशाविषयीचे मत बनवण्याआधी एवढे वेगळे मोजता आले, तर मुसाफिराचा मिसाफिर व्हायला वेळ लागत नाही.